चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट

आमच्या त्वष्टा कासार ज्ञातीचा पूर्वेतिहास सांगावयास बसले म्हणजे हंडे, घागरी, बंब आणि मठारकाम यांपलीकडे बोलणे सहसा जात नाही. परंतु ज्या ज्ञातिबंधूने हातोडी बाजूस ठेवून कागद आणि कुंचला हाती धरला, त्या गंगाराम चिंतामण नवगिरे ऊर्फ गंगाराम तांबट यांचे नाव केडगाव व नगर येथील फारच थोड्यांच्या कानी असेल. ही उणीव यथामति भरून काढावी, म्हणून हे चार शब्द.

काळ सवाई माधवराव पेशव्यांचा. इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट १७८६ साली पुणे दरबारी आला. तरुण पेशव्यांस जनावरांचा मोठा षोक असे, आणि पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. मॅलेट स्वतः जिज्ञासू गृहस्थ. येथील लेणी, माणसे व प्राणी यांची चित्रे त्यास हवी होती. त्यासाठी त्याने निवडले ते कोणा दरबारी चितार्‍यास नव्हे, तर तांब्याचा धंदा करणार्‍या ज्ञातीतील गंगारामांस. पत्र्याला ठोके देऊन गोलाई आणणार्‍या घराण्यातील माणसास सपाट कागदावर अंगाची गोलाई दाखविणे सुलभ गेले असावे, असा आमचा तर्क आहे.

शिकारखान्यातील गेंड्याचे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यावर नोव्हेंबर १७९० असा काळ नोंदलेला आहे. गेंडा हा काही आपल्या दख्खनच्या रानातील प्राणी नव्हे. पुणेकरांस ते नवलच होते. अशा वेळी ऐकीव गोष्टींची भर घालण्याचा मोह चित्रकारास होतो. युरोपात ड्यूरर नामक थोर जर्मन चित्रकाराने १५१५ साली गेंडा स्वतः न पाहता, आलेल्या वर्णनावरून रेखाटला. त्याने गेंड्यास चिलखत चढविले, पाठीवर एक जादा शिंगही दिले, आणि तेच रूप पुढे दोन शतकांहून अधिक काळ तिकडील ग्रंथांतून खरे म्हणून फिरत राहिले. गंगारामांनी मात्र जनावर समोर ठेवून काम केले.

ही १७९० ची नोंद आम्हांस फार महत्त्वाची वाटते. गंगाराम हे जेम्स वेल्स या स्कॉच चित्रकाराचे शिष्य, एवढेच सांगून त्यांची बोळवण करण्याचा प्रघात आहे. परंतु वेल्स मुंबईस उतरला १७९१ मध्ये आणि पुण्यास आला १७९२ मध्ये! मग गेंडा काढणार्‍या हातास वेल्सने वळण लावले, असे कसे म्हणावे? वेल्सच्या सहवासात त्यांची कला अधिक प्रौढ झाली, हे आम्ही नाकारीत नाही. शनिवारवाड्यात वेल्सच्या देखरेखीखाली चित्रशाळा निघाली, तींत गंगारामांचे नाव अग्रभागी घेतात. तथापि पाया आधीच घातलेला होता, आणि तो स्वकष्टाचा होता.

जनावरांप्रमाणेच तालमीतील मल्ल व कसरतपटू हेही त्यांचे विषय झाले. १७९३ च्या सुमारास त्यांनी वेरूळची शिल्पे रेखाटली. रावण कैलास हलवीत आहे, ते शिल्पही त्यांत आहे. पुण्याहून वेरूळला जाणार्‍यास आजही नगरची वाट सोयीची, आणि नगरच्या अलीकडे लागते ते आमचे केडगाव. येथून वेरूळच्या यात्रेस निघणार्‍या बांधवांनी तेथे गंगारामांची आठवण अवश्य काढावी.

ऑक्टोबर १७९५ मध्ये पेशवे वारले. पुढच्याच महिन्यात साष्टी प्रांती लेण्यांचे काम करीत असता तापाने वेल्सही गेला. चित्रशाळा मोडली. वेल्सची वेरूळची चित्रे टॉमस डॅनियलने १८०३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने काढली. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नावे आहेत ती वेल्स व डॅनियल या दोघांची. मॅलेट १७९८ साली विलायतेस परतला. त्याने जमविलेल्या चित्रांपैकी पुष्कळ आज अमेरिकेत न्यू हेवन येथे येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. पर्वतीचा तो गेंडाही तेथेच असून त्याखाली कर्ता म्हणून गंगाराम चिंतामण तांबट हे संपूर्ण नाव दिलेले आहे.