जे. आर. डी. टाटा : शेठजींचे विमान आणि टपालाचे विमान

पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ मध्ये विमानांची ये-जा सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये फ्लाय९१ ही गोव्याचीच छोटी विमानकंपनी तेथून एटीआर विमाने उडवू लागली. तेव्हापासून पेडणे-डिचोलीकडच्या मुलांच्या बोलण्यात वैमानिक हा शब्द वरचेवर येतो. वैमानिक व्हायचे, पण नोकरी कोठे धरायची, हा त्यापुढचा प्रश्न. गावोगाव जाणाऱ्या प्रादेशिक कंपनीत, की एखाद्या उद्योगगृहाच्या खासगी विमानावर? जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांच्या चरित्रात हा प्रश्न मालकाच्या बाजूने उभा राहिलेला दिसतो. म्हणून ते चरित्र येथे थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न.

जहांगीर यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा पारशी, तर आई सुझान फ्रेंच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील आर्देलो या गावी त्यांचे घर होते आणि इंग्लिश खाडी प्रथम विमानाने ओलांडणारे लुई ब्लेरिओ हे त्यांचे शेजारी होते. तेथेच पंधराव्या वर्षाच्या सुमारास मुलाला प्रथम विमानात बसायला मिळाले आणि आकाशाचे वेड लागले ते कायमचे. १९२५ मध्ये ते मुंबईस येऊन टाटांच्या पेढीत उमेदवारी करू लागले. पुढच्याच वर्षी वडील वारले. मुंबईत फ्लाइंग क्लब निघताच त्यांनी तेथे धडे घेतले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेला वैमानिकाचा परवाना हा भारतात दिला गेलेला पहिला परवाना होय.

१९३० मध्ये इंग्लंड-भारत हे अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या भारतीयासाठी आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. जहांगीर कराचीहून निघाले. इजिप्तमध्ये अबुकीर येथे त्यांना समोरून येणारा प्रतिस्पर्धी, तरुण अस्पी इंजिनिअर, स्पार्क प्लगवाचून अडकून पडलेला भेटला. त्यांनी आपल्याजवळचा प्लग त्याला दिला. बक्षीस अस्पींनी जिंकले, जहांगीर काही तासांनी मागे पडले. हेच अस्पी पुढे १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

येथपर्यंतची गोष्ट एका धनिकपुत्राच्या हौसेची आहे. असे विमान मालकाच्या मर्जीने उडते. पाऊस असला तर उडत नाही आणि कोणी त्याची वाट पाहत बसत नाही. पण नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेला वैमानिक टाटांकडे एक योजना घेऊन आला. इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येणारे विलायती टपाल पुढे मुंबई आणि मद्रासला विमानाने न्यावे, अशी ती योजना. भांडवल लागणार होते सुमारे दोन लाख रुपये. वयोवृद्ध सर दोराबजी टाटांचा होकार मिळवला, पण सरकारशी घासाघीस करण्यात काही वर्षे गेली. सरकार अनुदान द्यायला तयार नव्हते. अखेर टाटांनी अनुदान सोडून दिले आणि टपालाच्या वजनावर मोबदला घेण्याचे कबूल केले. एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. उत्पन्नाची हमी नाही, खर्च मात्र रोजचा, असा हा धंदा होता.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या ड्रिघ रोड तळावरून जहांगीर स्वतः पुस मॉथ हे एका इंजिनाचे विमान घेऊन निघाले. रेडिओ नव्हता. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बळ्ळारीला गेले आणि रात्र काढून दुसऱ्या दिवशी मद्रासला पोचले. म्हणजे या सेवेच्या पहिल्याच फेरीत मराठी आणि कन्नड असे दोन्ही मुलूख आले. जुहूचा तळ पावसाळ्यात चिखलात जाई, तेव्हा सारा संसार उचलून पुण्यास न्यावा लागे. दोन विमाने, मोजके वैमानिक, मोजके मेकॅनिक एवढाच काय तो संसार! तरीही १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात विमाने १ लाख ६० हजार मैल उडाली, दहा टनांहून अधिक टपाल आणि १५५ उतारू त्यांनी वाहिले, आणि वेळापत्रक चुकले नाही. १९३५ मध्ये मुंबई-त्रिवेंद्रम सेवा सुरू झाली, तिचे थांबे गोवा आणि कण्णूर येथे होते. दाबोळीचा तळ पोर्तुगीजांनी बांधण्याच्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

आपल्याकडची कदंब बस डिचोलीहून ठरल्या वेळी सुटते, आत चाळीस उतारू असोत की तीन. शेठजींच्या मोटारीचा ड्रायव्हर मात्र शेठजी बाहेर येईपर्यंत दाराशी उभा असतो. विमानांतही हाच फरक आहे. प्रादेशिक कंपनीच्या वैमानिकाचे दिवस वेळापत्रकाने बांधलेले असतात. तो एकाच दिवसात अनेकदा चढतो-उतरतो, उड्डाणाचे तास साठवतो आणि सहवैमानिकाचा कप्तान होतो. खासगी विमानाचा वैमानिक नव्या नव्या तळांवर जातो, आराखड्यापासून सामानापर्यंत सारे स्वतः पाहतो. पण त्याला बोलावण्याची वाट पाहावी लागते आणि मालकाने विमान विकले की नोकरीही जाते.

तरी खासगी नोकरीला कमी लेखू नये. निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतील हैदराबादच्या डेक्कन एअरवेजमध्ये प्रेम माथुर या भारतातील पहिल्या व्यावसायिक स्त्री-वैमानिक १९४७ मध्ये लागल्या. तेथे त्यांना पूर्ण अधिकाराने विमान हाती मिळेना. १९४९ मध्ये त्या घनश्यामदास बिर्लांच्या खासगी विमानावर गेल्या आणि १९५३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये आल्या. जे दार विमानकंपनीत अडले होते, ते एका उद्योगपतीच्या विमानावर उघडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या डाकोटा विमानांवर अनेक कंपन्या निघाल्या. इतक्यांना पुरेल एवढे उतारू देशात नाहीत, असे जहांगीर बजावत होते. झालेही तसेच, बहुतेक कंपन्या तोट्यात गेल्या. टाटांची कंपनी १९४६ मध्ये एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी मुंबई-लंडन सेवा सुरू झाली, तेव्हा परदेशी सेवेच्या कंपनीत सरकारचा वाटा ४९ टक्के होता. १९५३ मध्ये सर्वच कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. जहांगीर यांचा त्याला विरोध होता. तरी परदेशी सेवेचे अध्यक्षपद त्यांनी पत्करले आणि पंचवीस वर्षे वेतनाशिवाय सांभाळले. पडद्यांचे रंग, स्वच्छतागृहे, चहाची चव यांवर ते स्वतः टिपणे लिहीत. कंपनी आता त्यांची नव्हती, वेळापत्रक मात्र त्यांचेच राहिले. फेब्रुवारी १९७८ मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. त्यांनी कडवटपणा धरला नाही. १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पन्नास वर्षांपूर्वीचे ते कराची-मुंबई उड्डाण त्यांनी जुन्या बनावटीच्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, पण ते पाहायला ते नव्हते.

जहांगीर टाटांना जन्मभर स्वतःचे विमान हौसेने उडवता आले असते. त्यांनी ते ठरल्या वेळी, ठरल्या गावी, दुसऱ्यांची पत्रे घेऊन उडवले आणि त्यामुळे देशाला विमानसेवा मिळाली. वैमानिक होऊ पाहणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींनी दोन नोकऱ्यांच्या पगाराची तुलना जरूर करावी. ते शहाणपणाचेच आहे. त्याबरोबर हेही विचारावे, की आपले विमान वेळेवर पोचले नाही तर खाली कोण खोळंबणार आहे? ज्या नोकरीत या प्रश्नाला अनेकांची नावे घ्यावी लागतात, तिची जबाबदारी मोठी आणि तिचे समाधानही मोठे.