लेझर नव्हता, तेव्हा 21 वर्षांच्या अरुण खेत्रपाल यांनी पॅटन रणगाडे कसे उडवले?

राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणाच्या बाजूच्या गावात कुणाला के. के. रेंज माहितीये का विचारा. लहान पोरगंही सांगेल, तिकडं रणगाडे फायरिंग करतात.

के. के. म्हणजे खारे कर्जुने. नगर तालुक्यातलं गाव. त्याच्या नावानं ओळखला जाणारा हा लष्कराचा सराव पट्टा आहे. राहुरी, पारनेर आणि नगर या तीन तालुक्यांतल्या गावांना त्याच्या विस्ताराची टांगती तलवार माहिती आहे. एकदा मुळा धरणात जमिनी गेल्या, आता पुन्हा रेंजमध्ये जाणार का, ही इथल्या शेतकऱ्यांची जुनी काळजी.

याच रेंजवर 22 सप्टेंबर 2020 ला एक मोठी चाचणी झाली. अर्जुन रणगाड्याच्या 120 मिलिमीटरच्या तोफेतून एक क्षेपणास्त्र सुटलं आणि 3 किलोमीटरवरच्या लक्ष्यावर जाऊन आदळलं. त्याला वाट दाखवत होता लेझरचा किरण. पुण्याची एआरडीई, पुण्याचीच एचईएमआरएल आणि देहरादूनची आयआरडीई या डीआरडीओच्या तीन संस्थांनी मिळून ते बनवलं होतं.

बातमी आली, सगळीकडं शेअर झाली, विषय संपला.

पण ही चाचणी ज्या संस्थेच्या रेंजवर झाली, त्या नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये एक जुना रणगाडा जपून ठेवलाय. त्याचं नाव फामागुस्ता. त्यात लेझर नव्हता, कॉम्प्युटर नव्हता. होती ती तोफ, दुर्बीण आणि आत बसलेली चार माणसं. त्यांचा कमांडर होता 21 वर्षांचा. नाव सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल.

लेझरनं रणगाड्याच्या लढाईत काय बदललं आणि काय बदललं नाही, हे समजून घ्यायचं असेल तर त्यांची गोष्ट माहिती पाहिजे.

अरुण यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1950 चा, पुण्यातला. कुटुंब मूळचं सरगोध्याचं, म्हणजे आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबचं. फाळणीत ते सगळं मागं सोडून भारतात आले. वडील मदनलाल खेत्रपाल लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये अधिकारी होते, पुढं ब्रिगेडियर झाले. आजोबा पहिल्या महायुद्धात लढलेले. थोडक्यात, घरात जेवणाच्या ताटावरही फौजेच्याच गप्पा.

शाळा झाली सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये. 1967 ला ते खडकवासल्याच्या एनडीएत आले. तिथं फॉक्सट्रॉट स्क्वाड्रनमध्ये होते. मग देहरादूनची मिलिटरी अकॅडमी आणि 13 जून 1971 ला हातात कमिशन. रेजिमेंट मिळाली 17 पूना हॉर्स.

या रेजिमेंटच्या नावातच पुणं आहे. 1817 मध्ये इंग्रज आणि दुसरा बाजीराव पेशवा यांच्यात तह झाला, त्यातून हे घोडदळ उभं राहिलं. पुढं घोडे गेले आणि रणगाडे आले. 1965 च्या युद्धात याच रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं होतं. अरुण यांना अशा रेजिमेंटचा वारसा मिळाला.

रणगाड्याच्या नव्या अधिकाऱ्याला यंग ऑफिसर्स कोर्स करावा लागतो. त्यासाठी अरुण नगरला आले. गाडी चालवायची कशी, वायरलेसवर बोलायचं कसं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तोफ मारायची कशी, हे सगळं या कोर्समध्ये घोटून घेतात.

आता तुम्ही म्हणाल, तोफ मारण्यात शिकायचं काय? दुर्बिणीतून बघायचं, बटण दाबायचं, झालं.

तसं नसतं.

तोफेचा गोळा सरळ रेषेत जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून तो खाली यायला लागतो. समजा गोळा सेकंदाला 1000 मीटर वेगानं निघाला आणि हवेचा अडथळा आपण सोडून दिला. तर 1000 मीटरवर पोहोचेपर्यंत तो जवळपास 5 मीटर खाली आलेला असतो. म्हणून तोफ तेवढी वर उचलून धरावी लागते. किती उचलायची, हे समोरचा रणगाडा किती लांब आहे यावर ठरतं.

इथंच खरी गोम आहे. समोरचा रणगाडा 1500 मीटरवर आहे आणि कमांडरला तो 1300 मीटरवर वाटला, तर गोळा जवळपास दीड मीटर खाली जातो. पॅटन रणगाड्याची उंची साधारण 3 मीटर. म्हणजे मधोमध नेम धरला तरी गोळा त्याच्या चाकांपाशी मातीत जाणार. तुमचा पहिला गोळा वाया गेला आणि तुम्ही कुठं आहात हे समोरच्याला कळलं. आता तो तुमच्यावर मारणार.

पूना हॉर्सकडं होते ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन. तोफ दणकट, पण अंतराचा अंदाज कमांडरच्या नजरेवर. तो अंतर सांगायचा, गनर दुर्बिणीतल्या खुणांवर तेवढी तोफ उचलायचा, गोळा मारायचा. लांब पडला की जवळ, ते बघायचं, दुरुस्ती करायची आणि पुन्हा मारायचं. सगळा खेळ काही सेकंदांचा. पाकिस्तानकडच्या अमेरिकन पॅटनमध्ये अंतर मोजायचं भिंगांचं यंत्र होतं. कागदावर पॅटन पुढं होता. पण ते यंत्र वापरायलाही तयार हात लागायचे.

अरुण यांचा हा कोर्स पूर्ण झालाच नाही. 1971 चं युद्ध तोंडावर आलं आणि कोर्सवरच्या अधिकाऱ्यांना आपापल्या रेजिमेंटमध्ये परत पाठवलं गेलं. अरुण नगरहून निघाले, दिल्लीत घरी थांबले आणि आघाडीवर गेले. जाताना त्यांनी सामानात गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा गणवेश घेतला होता, असं सांगतात. लाहोरला पोहोचलो की गोल्फ खेळायचा आणि जिंकल्यावर पार्टी होईल तेव्हा गणवेश लागेल, असा त्यांचा हिशोब. वय 21. त्या वयात असाच हिशोब असतो.

पूना हॉर्स शकरगडच्या आघाडीवर होती. कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग. 15 डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळानं बसंतर नदी ओलांडून पलीकडं जागा मिळवली. पण मध्ये भूसुरुंग पेरलेले होते. इंजिनिअर्स ते काढत होते, काम अर्धवट होतं आणि तेवढ्यात पलीकडून निरोप आला की पाकिस्तानी रणगाड्यांची हालचाल सुरू झालीये. पूना हॉर्सनं वाट बघितली नाही. भूसुरुंगांतूनच रणगाडे पुढं घातले.

16 डिसेंबरची सकाळ. जरपालजवळ पाकिस्तानच्या 13 लान्सर्सनं पॅटन घेऊन हल्ला केला. आधी धूर सोडला आणि धुराच्या आडून रणगाडे आणले. समोरच्या स्क्वाड्रननं कुमक मागितली. अरुण आपले रणगाडे घेऊन धावले. वाटेतली शत्रूची ठाणी मोडत ते पोहोचले.

पुढं झाली ती या युद्धातल्या सगळ्यात गाजलेल्या रणगाड्यांच्या लढायांपैकी एक. एका टप्प्यावर आपल्या बाजूनं तीनच रणगाडे उरले होते. कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अहलावत आणि अरुण. समोर पॅटनची अख्खी रांग. अधिकृत नोंद सांगते की या झटापटीत शत्रूचे 10 रणगाडे उडाले, त्यातले 4 एकट्या अरुण यांनी उडवले.

मग अहलावत यांचा रणगाडा निकामी झाला, ते जखमी झाले. मल्होत्रा यांची तोफ बिघडली. अरुण यांच्या फामागुस्तावर गोळा बसला आणि त्यानं पेट घेतला. वायरलेसवरून वरिष्ठांनी त्यांना रणगाडा सोडून बाहेर पडायचा आदेश दिला. अरुण यांनी कळवलं की आपली तोफ अजून चालतेय, ते मागं येणार नाहीत. आणि ते पुन्हा मारायला लागले.

त्यांनी माघार घेतली असती तर मध्ये भगदाड पडलं असतं आणि पॅटन थेट नदीकडं घुसले असते. त्या जागी तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

शेवटचा पॅटन जेमतेम शंभर मीटरवर होता. दोन्ही बाजूंनी जवळपास एकाच वेळी गोळे सुटले. पॅटन निकामी झाला. फामागुस्तावर दुसरा गोळा बसला आणि त्यात अरुण शहीद झाले. त्यांचे रेडिओ ऑपरेटर सवार नंद सिंग हेही गेले.

त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिम आघाडीवरही युद्ध थांबलं. पोरगा आता घरी येईल, या आशेवर असलेल्या आईवडिलांना त्यानंतर काही दिवसांनी बातमी कळली. अरुण यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झालं. तोवर ते मिळालेले सगळ्यात तरुण वीर तेच होते.

आता लेझरकडं येऊ.

लेझर तेव्हा जगात नव्हता असं नाही. 16 मे 1960 ला अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला होता. अरुण गेल्यानंतर पाचच महिन्यांनी, मे 1972 मध्ये, अमेरिकन विमानांनी व्हिएतनाममधला थान होआचा पूल लेझरनं वाट दाखवलेल्या बॉम्बनी पाडला. त्याआधी अनेक वर्षं साधे बॉम्ब टाकून तो पडला नव्हता. त्याच दशकात रणगाड्यांवरही लेझर येऊ लागला.

रणगाड्यात तो मुख्यतः दोन कामं करतो.

पहिलं काम अंतर मोजायचं. लेझरचा एक झटका समोर पाठवायचा, तो लक्ष्यावर आपटून परत येतो, त्याला किती वेळ लागला ते मोजायचं. प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण 3 लाख किलोमीटर. 1500 मीटरवर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा एक लाखावा भाग पुरतो. अंतर कळलं की कॉम्प्युटर तोफ किती उचलायची ते ठरवतो. कमांडरचा अंदाज चुकायचा प्रश्नच राहत नाही.

दुसरं काम लक्ष्यावर खूण करायची. लेझर लक्ष्यावर धरला की तिथून तो परावर्तित होतो आणि क्षेपणास्त्राच्या तोंडाशी बसवलेलं यंत्र त्या उजेडाकडं वळत जातं. के. के. रेंजवर 2020 ला झालं ते हेच. लष्कराच्या काही रायफलींवरही छोटा लेझर असतो, पण तो फक्त नेम कुठं आहे ते दाखवतो. किरण सरळ जातो, गोळी खाली येते, त्यामुळं ठरावीक अंतरासाठी तो जुळवून घ्यावा लागतो.

मग बसंतरला लेझर असता तर अरुण वाचले असते का?

लांबच्या लढाईत फायदा नक्की झाला असता. पहिलाच गोळा लागायची शक्यता वाढली असती. पण त्या सकाळी हल्ला धुराच्या आडून आला होता. दाट धूर, धूळ, धुकं यांच्यापुढं लेझर कमी पडतो. आजच्या कित्येक रणगाड्यांवर तर लेझर अंगावर पडला की तो ओळखून धूर सोडायची सोयच असते. आणि शेवटची टक्कर शंभर मीटरवरची. तेवढ्या अंतरात आपल्या त्याच हिशोबानं गोळा 5 सेंटिमीटरच खाली येतो. तिथं अंतर मोजायचं काही राहिलेलंच नव्हतं. आधी कोण मारतो आणि जळत्या रणगाड्यात कोण थांबतो, एवढंच उरलं होतं.

लेझरची अजून एक अट आहे. अर्जुनच्या क्षेपणास्त्रासारख्या यंत्रणेत क्षेपणास्त्र पोहोचेपर्यंत लेझर लक्ष्यावर धरून ठेवावा लागतो. त्या काही सेकंदांत लक्ष्य नजरेआड होऊ द्यायचं नाही. म्हणजे समोरून गोळे येत असतानाही कुणीतरी जागेवर थांबायलाच लागतं.

2001 ला ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल वयाच्या 81 व्या वर्षी आपलं जुनं गाव बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये त्यांची सगळी बडदास्त ठेवली ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी. परतायच्या आदल्या रात्री नासर यांनी स्वतः सांगितलं की 1971 ला समोरच्या पॅटनमध्ये तेच होते, अरुण त्यांच्याच गोळ्यानं गेले. त्यांच्या बोलण्यात पश्चात्तापाइतकाच अरुण यांच्याबद्दलचा आदर होता. शंभर मीटरवरून दिसलेला तो पोरगा ते तीस वर्षं विसरले नव्हते.

आज एनडीएच्या परेड ग्राउंडला अरुण खेत्रपाल यांचं नाव आहे. दिग्दर्शक श्रीराम राघवन यांनी त्यांच्यावर इक्कीस हा सिनेमा केला. आणि ज्या नगरमध्ये त्यांचा कोर्स अर्धवट राहिला, तिथंच त्यांचा फामागुस्ता उभा आहे.

रणगाड्यांच्या अधिकाऱ्यांची नवी बॅच दरवर्षी इथं येते. हातात लेझर असतो, समोर कॉम्प्युटर असतो. मुळा धरणाकाठच्या गावांना फायरिंगचा आवाज येतो तेव्हा तिकडं कुणीतरी 21-22 वर्षांचा पोरगा अरुण यांच्याकडून राहिलेला तो कोर्स करत असतो.