मोरचुदामागचा माणूस

नाशिक-सांगलीकडचा द्राक्षबागाईतदार किंवा कोकणातला सुपारीचा बागवान ‘बोर्डो’ हा शब्द इतक्या सहजतेने उच्चारतो की, हे फ्रान्समधील एका शहराचे नाव आहे याची त्यास कल्पनाही नसावी. मोरचूद आणि चुना यांच्या त्या निळसर मिश्रणाला शास्त्राच्या कसोटीवर उतरविणाऱ्या पिएर-मारी-आलेक्सी मिलार्दे यांचे नाव तर वनस्पतिरोगशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरतेच उरले आहे. औषधाला गावाचे नाव लाभले आणि माणूस मागे राहिला. मिलार्दे यांच्या चरित्राकडे पाहता हा योगायोग अगदीच अन्यायाचा म्हणता येणार नाही. कारण त्या औषधात त्या गावच्या शेतमळ्यांचाही वाटा होता.

मिलार्दे १८३८ साली पूर्व फ्रान्समधील झुरा प्रांतात जन्मले. शिक्षण वैद्यकाचे, पण ओढ वनस्पतींची. त्या ओढीने ते जर्मनीत गेले आणि हॉफमाइस्टर व डी बारी यांच्या हाताखाली शिकले. रोगट झाडातून बुरशी उपजत नसून बुरशीमुळे झाड रोगट होते, हे बटाट्याच्या करप्यावरून दाखवून देणारे ते हेच डी बारी. पुढे स्ट्रासबर्ग, नान्सी असा प्रवास करीत १८७६ साली मिलार्दे बोर्दो येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या काळी फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीचे संकट कोसळले होते. कीड अमेरिकेतून आलेली, आणि तिला दाद न देणारी मुळेही अमेरिकेतल्याच वेलींची. तेव्हा अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करावे हा उपाय पुढे आला. मिलार्दे त्याचे खंदे पुरस्कर्ते होते. परंतु अमेरिकन वेलींबरोबर आणखी एक पाहुणा आला, आपण ज्याला केवडा म्हणतो तो रोग. १८७८ साली तो फ्रान्समध्ये प्रथम नोंदला गेला. पानावर तेलकट पिवळे डाग पडावेत, खालच्या अंगास पांढरी बुरशी यावी, पाने गळून वेल उघडी पडावी आणि घडात साखर भरू नये, असा त्याचा क्रम. (आजचे शास्त्र या जंतूची गणना खऱ्या बुरशींत करीत नाही, पण बागेत त्याने काही फरक पडत नाही.) एका रोगावरचा उतारा दुसरा रोग घेऊन आला होता.

१८८२ च्या ऑक्टोबरमध्ये मिलार्दे मेदॉक भागातील सें-झुलियें येथील मळ्यांतून जात होते. सगळीकडे वेली निष्पर्ण झालेल्या. केवळ रस्त्याकडेच्या ओळी पानांनी भरलेल्या. त्या पानांवर निळसर थर होता. त्यांनी मळ्याचे व्यवस्थापक एर्नेस्त दाव्हिद यांना विचारले. उत्तर साधे होते. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून विषारी दिसणारे मोरचूद-चुन्याचे पाणी त्या ओळींवर शिंपडण्याची तिकडे रीतच होती. ही रीत मेदॉकमध्ये हजारोंनी पाहिली असेल. प्राध्यापक मात्र थांबले आणि त्यांनी प्रश्न विचारला. आमच्या मते त्यांची थोरवी येथेच आहे.

तांब्याविषयी त्यांच्या मनात आधीच एक धागा होता. या रोगाचे बीजाणू त्यांच्या विहिरीच्या पाण्यात रुजत नसत, आणि त्या विहिरीवरचा पंप तांब्याचा होता. रसायनशास्त्रज्ञ उलीस गायों यांच्या साहाय्याने त्यांनी तांब्याचा सूक्ष्म अंशही बीजाणूंना मारक ठरतो हे पडताळले. दाव्हिद यांच्यासह मळ्यांत प्रयोग झाले आणि १८८५ साली कृती प्रसिद्ध झाली : शंभर लिटर पाण्यात आठ किलो मोरचूद, तीस लिटर पाण्यात पंधरा किलो कळीचा चुना, दोन्ही एकत्र करून झुडपाच्या काटक्यांच्या लहान केरसुणीने वेलीवर शिंपडावे. आज आपल्याकडे शंभर लिटर पाण्याला एकेक किलोचे एक टक्क्याचे मिश्रण वापरतात, त्या मानाने हा लेप फारच दाट होता.

लगोलग श्रेयाचा वाद उभा राहिला. बर्गंडीतील मळेवाल्यांचे म्हणणे असे की, मोरचुदात बुडविलेल्या खुंट्यांजवळची पाने निरोगी राहतात हे त्यांनीही पाहिले होते. मिलार्दे यांनी आपला अग्रक्रम हिरिरीने मांडला. निष्पक्षपणे पाहता दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पण नुसते पाहण्याने औषध होत नाही. १८०७ मध्येच बेनेदिक्त प्रेव्हो यांनी गव्हाच्या काणीवर तांब्याचा गुण दाखवून दिला होता. पंडितांनी तो दीर्घकाळ मनावर घेतला नाही. शेतकऱ्याने पाहिलेले आणि विद्वानाने मोजलेले एकत्र यावयास पाऊण शतक लागले. दरम्यान १८४५ पासूनच्या दुष्काळात करप्याने आयर्लंडचा बटाटा नासला आणि सुमारे दहा लाख माणसे मेली. पुढे त्याच बटाट्यावर बोर्दो मिश्रण गुणकारी ठरले.

या उपायाची किंमतही आहे. तांबे जमिनीत विघटित होत नाही, साठत जाते. युरोपीय संघाने २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत २८ किलोंहून अधिक तांबे वापरण्यास बंदी केली. त्यामुळे तेथील संशोधकांचे लक्ष आता केवड्याला दाद न देणाऱ्या संकरित वाणांकडे वळले आहे. १९०२ साली निवर्तलेल्या मिलार्दे यांचे हेही एक जुनेच काम. मार्की द ग्रासे यांच्यासह त्यांनी अमेरिकन व युरोपीय वेलींचे संकर केले होते, आणि त्यांतील ‘४१ बी’ हा खुंट आजही फ्रान्सच्या चुनखडीच्या जमिनीत कलमांखाली लावला जातो.