रमाबाई रानडे : उत्तरायुष्यातील आरंभ

१९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले, तेव्हा रमाबाई चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यानंतर वर्षभर पुण्यात त्या सार्वजनिक जीवनापासून अलिप्त राहिल्या. १९०९ मध्ये गो. कृ. देवधर यांच्या सहकार्याने त्यांनी पुणे सेवासदन स्थापिले. संसारात शिक्षण राहून गेलेल्या प्रौढ स्त्रियांना व विधवांना तेथे प्राथमिक वर्गापासून शिकता येई. पुढे शिक्षिका वा परिचारिका होऊन स्वतःच्या पायांवर उभे राहता येई. परिचारिकेचे काम त्या काळी प्रतिष्ठित घरांत हलके मानले जाई, हे ध्यानात घ्यावे.

१९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ पतीच्या निधनापाशी थांबतात. रमाबाईंचे स्वतंत्र संस्थात्मक कार्य मात्र त्यानंतर उभे राहते. हे आत्मचरित्र अभ्यासताना त्यापुढील आयुष्यही आपण विचारात घ्यावे.