हातातील कला ग्रंथात आणणाऱ्या तेरेझ द डिलमॉन्ट

क्रोशाचे विणकाम पाहायला सोपे, पण सांगायला अवघड. साखळी, मुका खांब, खांब ही नावे पाठ झाली, तरी दोरा बोटावर किती ताणायचा आणि सुईवरचा फास केव्हा सोडायचा, हे जाणकार बाईच्या शेजारी बसल्याशिवाय उमगत नाही, असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता. शिकवणारी नसेल तर विद्या तिथेच खुंटत असे. हा समज दूर करणाऱ्यांमध्ये तेरेझ द डिलमॉन्ट यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

ऑस्ट्रियातील व्हीनर नॉयश्टाट येथे १८४६ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील तेथील लष्करी अकादमीत शिक्षक होते. मध्यमवर्गीय घरातील स्त्रीला सन्मानाने अर्थार्जन करता येईल असे मार्ग त्या काळी थोडेच होते. सुई-दोरा हा त्यांपैकी एक. तेरेझ यांनी बहिणीच्या साथीने व्हिएन्नात भरतकामाचा व्यवसाय चालवला. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची ओळख झां डॉलफस यांच्याशी झाली. म्युलूझ येथील ‘डीएमसी’ या सूत-कारखान्याचे ते प्रमुख होते. या ओळखीतून १८८४ मध्ये तेरेझ म्युलूझजवळच्या दोर्नाख गावी आल्या आणि तेथे त्यांनी स्वतःची भरतकाम शाळा सुरू केली.

१८८६ मध्ये त्यांचा स्त्रियांच्या हस्तकलांचा ज्ञानकोश प्रसिद्ध झाला. शिवण, रफू, भरतकाम, विणकाम, क्रोशे, लेस असे विषय त्यात शेकडो चित्रांसह मांडले आहेत. नमुने स्वतः विणून पाहायचे आणि मगच कृती लिहायची, ही त्यांची शिस्त होती.

हत्यारांविषयीचा त्यांचा काटेकोरपणा आजही उपयोगी पडावा असा आहे. क्रोशाच्या सुईचे टोक फार अणकुचीदार असेल तर दोरा फाटतो, आकडा खरखरीत असेल तर दोरा अडकतो. म्हणून सुई गुळगुळीत असावी, दोऱ्याच्या जाडीला साजेशी असावी आणि तिची मूठ हात दुखणार नाही इतकी हलकी असावी. नमुना रचण्यासाठी त्यांनी सांगितलेली साधनेही साधीच: लहान-मोठा आकार करण्यासाठी चौकटींचा कागद, कापडावर उतरवण्यासाठी सुईने टोचलेला कागद व त्यावर चोळण्याची पूड आणि बिनचौकटीचा आरसा. सरळ किनारीच्या नमुन्यावर आरसा तिरका उभा धरला की कोपरा कसा वळवायचा ते प्रतिबिंबातच दिसते. चित्रकला न शिकलेल्या स्त्रीलाही त्यामुळे स्वतःची रचना करता येऊ लागली.

या ग्रंथाला व्यापाराची बाजू होती, हे मात्र नाकारता येत नाही. कोणत्या कामाला कोणता दोरा वापरावा, हे सांगताना डीएमसीचेच दोरे पुढे येतात. कारखान्याला गिऱ्हाईक हवे होते आणि स्त्रियांना ज्ञान. या दोन्ही गरजा एकाच पुस्तकाने भागवल्या. परंतु दोरा कोणाचाही असो, टाक्याची कृती तीच राहते. म्हणूनच जाहिरातीचे प्रयोजन मागे पडले आणि ग्रंथ टिकला.

तेरेझ यांना मात्र हे यश फार काळ पाहता आले नाही. १८८९ मध्ये त्यांनी विवाह केला आणि पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्याच नावाच्या भाचीने काम पुढे नेले. ज्ञानकोश अनेक भाषांत गेला आणि त्यांचे नाव नंतरच्या कितीतरी पुस्तिकांवर झळकत राहिले. त्यामुळे मूळ तेरेझ कोण, याचा वाचकांना विसरही पडला.

आज हा ग्रंथ इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. जवळ शिकवणारे कोणी नसताना पहिली साखळी घालणाऱ्या हाताला तो अजूनही वाट दाखवतो. तेरेझ यांचे खरे स्मारक तेच होय.