बदलापूरचे पाहुणे

१८ जुलै हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ साली नेल्सन मंडेला यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय दिन म्हणून जाहीर केला. वर्णभेदाशी झुंजलेल्या या आफ्रिकी नेत्याला आपल्या देशाने १९९० मध्ये भारतरत्न दिले. त्याच वर्षी तो मान आणखी एका लढवय्याला, मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी, मिळाला. खरे तर मंडेलांवरच लिहायचे ठरवून मी वाचनालयात बसलो होतो. पण वाचता वाचता 'बदलापूर' हे नाव समोर आले आणि विषय बदलला.

३ मे १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बदलापूरला आले होते. शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष म्हणून. बोलावणारे होते पालये शास्त्री, म्हणजे एक ब्राह्मण गृहस्थ. आपण रोज ज्या स्टेशनवर गाडीसाठी धक्काबुक्की करतो, त्या गावची ही गोष्ट. आणि आमच्या वर्गात ती एकालाही ठाऊक नव्हती!

त्या निमंत्रणाचे मोल कळायला फक्त सहा आठवडे मागे जावे लागते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी हजारो अस्पृश्य बांधवांसह पाणी प्राशन केले. तळे नगरपालिकेने आधीच सर्वांना खुले केले होते. खुले होते ते कागदावर. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली आणि पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. ज्याच्या स्पर्शाने पाणी बाटते असे महाडला ठरले, त्यालाच बदलापूरने अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवले. महाडचा निकाल मात्र न्यायालयातून यायला १९३७ साल उजाडले.

पाण्याशी त्यांचे वैर लहानपणापासूनचे, किंबहुना पाण्याचेच त्यांच्याशी. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत ते घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. १९०१ च्या उन्हाळ्यात नोकरीच्या गावी असलेल्या वडिलांकडे जायला घरची मुले एकटीच निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. पत्राचा घोळ झाल्याने न्यायला कोणी आले नव्हते. कपडे नीटनेटके, म्हणून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. जात ऐकताच त्यांचा चेहरा पालटला. एकही गाडीवान मुलांना बसवायला तयार होईना. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही या अटीवर की बैल मुलांनी हाकायचे आणि तो स्वतः पायी चालणार. डबा जवळ होता, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून मुले उपाशीच झोपली.

पुढचे शिक्षण आपल्याला पाठ आहे. एल्फिन्स्टन, सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, १९१३ पासून न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. पदव्यांची यादी परीक्षेत लिहून झाली की आपण विसरतो. पण १९१७ साली परदेशातून परतलेल्या या विद्वानाला बडोद्यात राहायला खोली मिळेना आणि पारशी विश्रांतिगृहातून हुसकून लावण्यात आले, हे विसरता येत नाही. लोकलमध्ये शेजारचा माणूस सहज 'आडनाव काय?' असे विचारतो, तेव्हा मला मसूरचे स्टेशनमास्तर आठवतात.

१९२७ च्या डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन, १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह, १९३२ चा पुणे करार. या कराराबद्दल आमच्या प्राध्यापकांत अजूनही वाद रंगतो; मला स्वतःला वाटते की तो त्यांनी मनापासून नव्हे, गांधीजींचे प्राण पणाला लागल्यामुळे स्वीकारला. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तिकडचे कृष्णवर्णीय आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेत आहेत हे त्यांनी वाचले होते आणि त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. दोन खंडांतली दुःखे त्यांनी अशी शेजारी ठेवून पाहिली.

उल्हासनगरच्या मित्रांसाठी एक मुद्दाम सांगतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी कल्याण कॅम्प वसवला, हे तुमच्या घरोघरी सांगितले जाते. पण तिकडच्या अस्पृश्यांना साफसफाई कोण करणार म्हणून निघूच दिले जात नव्हते. स्वतंत्र भारताचे कायदामंत्री आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या बाबासाहेबांनी त्या मागे राहिलेल्यांसाठी १९४७ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंना पत्र लिहिले.

१९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि दोनच महिन्यांत, ६ डिसेंबरला, दिल्लीत त्यांचे निधन झाले. दादरला समुद्रकाठी अंत्यसंस्कार झाले. दरवर्षी त्या दिवशी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून दादरकडे जाणाऱ्या गाड्यांत पांढऱ्या कपड्यांतली माणसे दाटीने उभी असतात. पोरांच्या खांद्याला पाण्याच्या बाटल्या लटकलेल्या असतात.