एमिल क्रेपेलिन

एमिल क्रेपेलिन (१५ फेब्रुवारी १८५६ – ७ ऑक्टोबर १९२६) हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ होते. मानसिक आजारांच्या आधुनिक वर्गीकरणाचा पाया त्यांनी घातला. मनोविकार आनुवंशिकतेतून उद्भवतात की परिस्थितीतून, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेत झाला. तेथील आनुवंशिकताविषयक विचारांचा आधार पुढे नाझी राजवटीने सक्तीच्या निर्बीजीकरणासाठी घेतला.

सुरुवातीचे जीवन

क्रेपेलिन यांचा जन्म उत्तर जर्मनीतील नॉयस्ट्रेलित्स येथे झाला. थोरले बंधू कार्ल हे जीवशास्त्रज्ञ होते. त्यांच्यामुळे एमिल यांना निसर्गविज्ञानाची गोडी लागली. लाइपझिग व व्ह्युर्त्सबुर्ग येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८७८ मध्ये ते पदवीधर झाले. लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी मद्य व औषधे यांचा मनोव्यापारांवर होणारा परिणाम मोजला. १८८३ मध्ये त्यांच्या मनोविकारशास्त्रावरील पाठ्यपुस्तकाची पहिली आवृत्ती निघाली. वयाच्या तिसाव्या वर्षी, १८८६ मध्ये, ते दोर्पात (सध्याचे तार्तू, एस्टोनिया) येथे प्राध्यापक झाले. त्यानंतर त्यांनी हायडेलबर्ग येथे आणि १९०३ पासून म्युनिक येथे अध्यापन केले.

आजारांचे वर्गीकरण

त्या काळी मनोविकारांची नावे तात्कालिक लक्षणांवरून ठरत. आजाराचा प्रारंभ, क्रम आणि शेवट यांकडे एकत्रितपणे पाहिले पाहिजे, असे क्रेपेलिन यांचे मत होते. यासाठी ते प्रत्येक रुग्णाची माहिती स्वतंत्र कार्डावर नोंदवत आणि रुग्णालय सोडल्यानंतरही रुग्णाची पुढील अवस्था शक्य तेथे जाणून घेत. पाठ्यपुस्तकाच्या १८९९ मधील सहाव्या आवृत्तीत त्यांनी दोन मोठ्या विकारांमध्ये स्पष्ट रेषा आखली. तरुणपणी सुरू होऊन बहुधा खालावत जाणारा ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ हा एक. त्यालाच पुढे स्किझोफ्रेनिया किंवा छिन्नमनस्कता हे नाव मिळाले. ठरावीक काळाने उसळणारा व अनेकदा शमणारा उन्माद-अवसाद विकार हा दुसरा. अल्झायमर या आजाराला सहकारी आलोइस अल्झायमर यांचे नाव क्रेपेलिन यांनीच १९१० मध्ये दिले.

आनुवंशिकता आणि परिस्थिती

पिढ्यान्‌पिढ्या वंशाचा ऱ्हास होत जातो व त्यातून मनोविकार बळावतात, ही समजूत त्या काळच्या युरोपात रूढ होती आणि क्रेपेलिन यांच्यावरही तिचा प्रभाव होता. मद्यपान व उपदंश यांमुळे बीजालाच इजा होऊन ती पुढील पिढीत उतरते, असे ते मानत. १८९५ पासून त्यांनी स्वतः मद्य वर्ज्य केले आणि मद्यपानाविरुद्ध प्रचार केला.

मात्र बाह्य कारणांचे महत्त्व दाखवणारा पुरावाही त्यांच्यासमोर होता. १९०४ मध्ये जावा बेटावरील बाउटेनझोर्ग (सध्याचे बोगोर) येथील मनोरुग्णालयात त्यांनी स्थानिक रुग्णांची पाहणी केली. डिमेन्शिया प्रीकॉक्स तेथेही आढळला, पण मद्यजन्य विकार आणि सर्वांगवधाचा मनोविकार स्थानिकांमध्ये जवळजवळ दिसत नव्हते. हा सर्वांगवध उपदंशाच्या जंतूंमुळे होतो, हे १९१३ मध्ये रुग्णांच्या मेंदूत ते जंतू सापडल्यावर निर्विवाद ठरले. १९२० मधील एका लेखात क्रेपेलिन यांनी आपण आखलेल्या रेषेच्या मर्यादा मान्य केल्या आणि लक्षणांच्या घडणीत व्यक्तीची जडणघडण व जीवनानुभव यांनाही स्थान दिले.

संशोधनसंस्था आणि नंतरचा काळ

१९१७ मध्ये क्रेपेलिन यांनी म्युनिक येथे मनोविकार संशोधनसंस्था स्थापन केली. जेम्स लोब या ज्यू दात्याची मोठी देणगी तिला लाभली. संस्थेतील वंशावळीच्या अभ्यासाचा विभाग त्यांनी एर्न्स्ट र्‍युडिन यांच्याकडे सोपवला. डिमेन्शिया प्रीकॉक्सच्या रुग्णांच्या भावंडांविषयीचा र्‍युडिन यांचा अभ्यास १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. आजार कुटुंबात आढळत असला, तरी मेंडेलच्या साध्या नियमांप्रमाणे तो उतरत नव्हता. तरीही र्‍युडिन सुप्रजननवादाचे खंदे पुरस्कर्ते राहिले.

क्रेपेलिन यांचे १९२६ मध्ये म्युनिक येथे निधन झाले. १९३१ मध्ये र्‍युडिन संस्थेचे प्रमुख झाले. १९३३ च्या निर्बीजीकरण कायद्यावरील अधिकृत भाष्याचे ते सहलेखक होते. क्रेपेलिन यांनी वेगळे केलेले दोन्ही विकार या कायद्याच्या यादीत होते. १९४५ पर्यंत सुमारे ४,००,००० लोकांचे सक्तीने निर्बीजीकरण झाले. या कायद्याच्या वेळी क्रेपेलिन हयात नव्हते. परंतु वंशऱ्हासाच्या कल्पनेला त्यांनी दिलेल्या प्रतिष्ठेबद्दल इतिहासकारांनी त्यांच्यावर टीका केली आहे.

मूल्यमापन

आजार ओळखण्याची क्रेपेलिन यांची पद्धत आजही निदानग्रंथांच्या मुळाशी आहे. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसले. मात्र एकबीज जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला, तरी साधारण निम्म्या किंवा त्याहून अधिक जोड्यांत दुसऱ्याला तो होत नाही. एखादे जनुक आजार ठरवत नाही. अल्प परिणाम करणारी असंख्य जनुके धोका वाढवतात, आणि बालपणीचे आघात, गांजाचे सेवन किंवा महानगरातील वाढ यांसारख्या घटकांचाही त्या धोक्याशी संबंध आढळतो. क्रेपेलिन यांनी वेगळ्या केलेल्या दोन विकारांमागील अनेक जनुकीय घटक समान असल्याचेही दिसून आले आहे.